राजाची अडीच घरं

आमच्या घरी रविवारी दोन गोष्टी उकळत असत. चुलीवर आईची येसराची आमटी आणि शेजारच्या स्टोव्हवर बाबांच्या सुया. बाबा औंढ्याला जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर होते. दवाखान्यातला स्टोव्ह कायम बिघडलेला, म्हणून म्हशींना टोचायच्या त्या जाडजूड सुया ते घरी आणून उकळायचे आणि आई दर रविवारी न चुकता म्हणायची, "लेकरायनं कालवण खायचं का ढोराचं औषध, ते एकदा ठरवून टाका." बाबा उत्तर देत नसत. ज्याला उत्तर द्यावं इतकं मोठं माणूस त्यांना घरात कुणी वाटत नसे. गावातही फारसं कुणी वाटत नसे. दवाखान्याचा डॉक्टर त्यांच्या मते गाढव होता, सरपंच नुसता पोळ होता, आणि ही जनावरं त्यांच्या रोजच्या हाताखालची असल्यामुळे ही नावं ते अगदी मोजूनमापून देत. उठताबसता माणसांना तुच्छ लेखायचा हा गुण मी त्यांच्याकडून घेतला. रंग आणि नाक तेवढं आईचं आहे.

जेवण झालं की बाबा सुया फडक्यात गुंडाळून ठेवत, पाणी पीत आणि मंदिराच्या रस्त्यावर रहीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात जाऊन बसत. दर्शनाला येणारी माणसं समोरून नारळ-बेलफुलं घेऊन जात, भोंग्यावर आरत्या चालत, आतमध्ये चाचांची मशीन खडखडत असे आणि त्या सगळ्या गोंगाटात आमच्या गावचे बुद्धिवंत बुद्धिबळ खेळत. चाचांनी मांजरपाटाच्या तुकड्यावर लाल दोऱ्यानं चौसष्ट घरं शिवली होती, सगळी एकाच रंगाची. मोहरे सागवानी, त्यातला एक उंट हरवला म्हणून त्याच्या जागी मोठं कोटाचं बटण. डाव दोघांचा आणि खेळणारे नऊ. एक जण चाल करायला हात उचलणार तोच मागून तलाठीआप्पा ओरडणार, "हत्ती काढ, हत्ती!" आणि खताचा दुकानदार म्हणणार, "हत्तीला काय धाड भरली? घोडा चालव." मग दोघांचं आपसात भांडण. चहा यायचा, भजी यायची, भज्यांचं तेल मोहऱ्यांना लागायचं. यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात तीन चालींपुढचं काही शिरत नसे, पण चेहरे असे करून बसत की आता यांच्या हातून राज्यच जाणार आहे.

त्या दुकानात बाबांना कुणी हरवू शकत नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं की बाबांसारखा खेळणारा माणूस जगात नाही. त्यांची खासियत होती राजाची उडी. आमच्या खेळात राजाला डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा होती, फक्त तोवर त्याला शह बसलेला नसला पाहिजे. बाकीचे ती उडी भीतीपोटी चौथ्या-पाचव्या चालीतच उडवून मोकळे होत. बाबा ती शेवटपर्यंत राखून ठेवत. समोरच्याला वाटायचं की राजा कोपऱ्यात सापडला, आणि बाबा राजाला दोन बोटांत उचलून टुणकन बाहेर काढत. मग त्यांचं एखादं प्यादं एकेक घर सरकत पुढं जाई आणि त्याच प्याद्यानं ते मात करत. प्याद्याची मात म्हणजे सगळ्यात मोठी इज्जत. वजिरानं कुणीही मारतो. प्याद्यानं मात झाली की चाचा मशीन थांबवून म्हणायचे, "वा कंपौंडर साब, क्या काटा है!" आणि हरणारा आठवडाभर तोंड लपवत फिरायचा. जगात हा खेळ दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं खेळत असतील, असं कुणाच्या मनातही कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मला त्यांनी आठव्या वर्षी शिकवलं, तेही मला कांजिण्या आल्या म्हणून. मी खाजवू नये यासाठी हाताला काहीतरी काम द्यायचं होतं. मी शिकले, आणि चौदाव्या वर्षी एका दुपारी ओसरीवर त्यांना प्याद्यानं मात केली.  त्यांनी मोहरे गोळा करून पिशवीत भरले आणि म्हणाले, "जा, चहा टाक." त्यानंतर ते माझ्याशी एकदाही खेळले नाहीत. मी विचारलं तर म्हणत, "पोरीसंग खेळलं की हात बिघडतो." दुकानात तर मी चाचांकडं ब्लाऊजचं कापड द्यायला गेले तरी दारातच उभी राहायचे. आत ती सगळी मूर्ख माणसं पट अडवून बसलेली, आणि त्यांच्या प्रत्येक चुकीच्या चालीला मी बाहेर दात-ओठ खात उभी. बाबांचा मला राग आला होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही, उलट जपून वाढवला.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बसस्टँडच्या पलीकडं बालाजीनं इंटरनेटचं दुकान काढलं. नांदेडहून तीन जुने कॉम्प्युटर आणले, मध्ये प्लायवूडचे आडोसे घातले, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा लावला आणि बाहेर 'सायबर कॅफे' असा बोर्ड रंगवला. त्या पडद्याआड औंढ्याची तरुण पिढी जगाचं कुठलं ज्ञान घेत होती ते बालाजीला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पोरं आत जाताना मान ताठ ठेवून जायची आणि बाहेर येताना चपला शोधत यायची. मला मराठी टायपिंग येत होतं म्हणून बालाजीनं मला दुपारी अर्ज टाईप करायला बसवलं, आणि त्या बदल्यात गिऱ्हाईक नसेल तेव्हा तासभर इंटरनेट वापरायची परवानगी दिली. त्याला स्वतःला कॉम्प्युटरमधलं चालू आणि बंद या दोनच गोष्टी समजत. तरी तो ऐटीत म्हणाला, "ह्याच्यात समदं हाय ताई. पिक्चर हाय, नोकऱ्या हायेत, चेसबी हाय." चेस म्हणजे बुद्धिबळ, हे मला माहीत होतं. त्याला माहीत होतं की नाही, शंका आहे.

आता लोक संडासात बसून फोनवर बुद्धिबळ खेळतात. माझा भाचा एका हातानं जेवतो आणि दुसऱ्या हातानं कुणाला तरी मात देतो, आणि देऊन झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. त्याला मी सांगायला गेले की पहिल्या डावाच्या वेळी मी भ्याले होते, तर तो म्हणाला, "आत्या, पण समोर तर कुणीच नव्हतं ना?" तीच तर भीती होती. समोर कुणीच नव्हतं. इंटरनेट जोडताना फोनच्या तारेतून किर्र-खर्र-कुईं अशी कर्कश आरडाओरड झाली, मग बऱ्याच वेळानं पट उमटला, आणि माझ्या नावाच्या जागी 'पाहुणा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आणि पुढं एक लांबलचक आकडा. पलीकडच्या माणसाच्या नावापुढं कुठल्यातरी देशाचा झेंडा होता. मला वाटलं की तिकडं खुर्चीवर कुणी मोठा विद्वान बसला आहे आणि माझी ओढणी, माझी घामेजलेली बोटं, पलीकडच्या आडोशातलं पोरगं, सगळं त्याला दिसतं आहे. मी ओढणी डोक्यावर घेतली. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, आणि आमच्याकडं तर एका चालीला एक चहा व्हायचा. मी प्यादं एक घर सरकवलं. त्यानं दोन घरं सरकवलं. मी मनाशी म्हटलं, झाली लबाडी सुरू.

पण तेवढ्यावर थांबला असता तर बरं. आठदहा चाली झाल्या, आणि त्याचा राजा दोन घरं बाजूला सरकला, हत्ती त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडं जाऊन बसला. एका चालीत दोन मोहरे! मी ओरडलेच, "ओ बालाजीभाऊ, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय!" बालाजी धावत आला, स्क्रीनवर वाकला, गंभीर झाला आणि म्हणाला, "व्हायरस हाय." त्यानं सरळ बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. डाव गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशाच्या माणसानं तेच केलं, तेव्हा बालाजीनं व्हायरस मारायची सीडी लावली आणि तासभर ती फिरत राहिली. एकही व्हायरस सापडला नाही. "लई बारका असंल," बालाजी म्हणाला. तिसऱ्या दिवशी माझा राजा अडचणीत आला, म्हणून मी त्याला अडीच घरं उडी मारायला लावली. राजा उचलला जायचा आणि परत जागेवर येऊन बसायचा. मी पुन्हा उचलायचे, तो पुन्हा परत. वेळ संपेपर्यंत मी तेच करत बसले आणि हरले. आणि एकदा, देव जाणे कसं, मी प्याद्यानं मात केली. मी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले की आता पलीकडचा माणूस काहीतरी म्हणेल. तो एक अक्षर न लिहिता निघून गेला. त्याला इज्जत गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

व्हायरसचा उलगडा पलीकडच्याच एका माणसानं केला. त्यानं डावाच्या खाली लिहिलं, 'तू नवीन आहेस का?' पडद्यावर अक्षरं उमटली तशी मी खुर्ची मागं सरकवली. परक्या माणसाला उत्तर द्यावं की नाही, याचा विचार करण्यात माझी दोन मिनिटं गेली. शेवटी मी 'येस सर' असं लिहिलं. तो बहुतेक हसला असावा, पण त्यानं नियमांच्या पानाचा पत्ता पाठवला. बालाजीनं ती पानं छापून दिली. मी शब्दकोश घेऊन तीन दुपारी ती वाचली. राजा आणि हत्तीच्या त्या चालीला मराठीत किल्लेकोट म्हणतात, हे मला कॉलेजच्या वाचनालयातल्या एका धूळ खाल्लेल्या पुस्तकात सापडलं. ते पुस्तक माझ्याआधी कुणीही नेलेलं नव्हतं. म्हणजे सगळं जग एका नियमानं खेळत होतं आणि औंढ्याच्या एका शिलाईच्या दुकानात नऊ माणसं वेगळ्याच नियमानं, आणि पुस्तक हाकेच्या अंतरावर होतं. आमचे ते नियम जुने देशी नियम होते आणि एके काळी मुलखात सगळीकडं तसंच खेळत, हे मी फार पुढं वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं की हे सगळे अडाणी आहेत, आणि त्यात माझा बाप पहिला.

सहा महिने मी रोज दुपारी खेळले. हात घामेजायचे ते हळूहळू थांबले. लाईट जायची, फोन यायचा, तार तुटायची, आणि जिंकत आलेला डाव मी हरले असं पडद्यावर लिहून यायचं. मी शिव्या हासडायचे, जनावरांच्या. पण मी सुधारत होते. आणि जसजशी सुधारत गेले तसतसा तो दुकानातला खेळ मला बघवेना. ब्लाऊज आणायला गेले की दारातून मी बघायचे. बाबा राजाची उडी राखून बसलेले, सगळे श्वास रोखून, आणि मग ती टुणकन उडी, आणि "वा, वा!" मला हसू यायचं. माझ्या एकटीजवळ एक गोष्ट होती, जी या सगळ्या मिशीवाल्यांना माहीत नव्हती. ती सांगून टाकण्यापेक्षा जवळ ठेवण्यात मला जास्त गोडी वाटत होती, हे मी आज लपवत नाही.

मग हिंगोलीच्या स्पर्धेचं पत्रक आलं. एका मंगल कार्यालयात जिल्ह्याची खुली स्पर्धा होती, पहिल्या नंबराला ढाल. चाचांनी पत्रक मशीनवर चिकटवलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगितलं की ढाल औंढ्याला येणार. तलाठीआप्पांनी ती कुठं ठेवायची त्याची जागाही ठरवली, शोकेसमध्ये, सफारीच्या कापडाच्या वर. चाचांनी बाबांसाठी नवा पांढरा शर्ट शिवला. "कंपौंडर साब, खुर्सी पे बैठेंगे तो लगना चाहिए के औंढे का आदमी आया." बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ढाल घेतल्याबिगर वापस येत न्हाई." असं बोलल्यावर माणसाला परतीची वाट राहत नाही. दवाखान्याच्या डॉक्टरला, सरपंचाला, ज्यांना ज्यांना त्यांनी आजवर जनावरांत काढलं होतं त्या सगळ्यांना ही बातमी पोचली होती, आणि ते सगळे निकालाची वाट बघून राहिले होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आई विहारात गेली होती, तिथं झाडलोटीची तिची पाळी होती. बाबा चुलीपाशी येऊन पाटावर बसले. ते कधी चुलीपाशी बसत नसत. नवा शर्ट मांडीवर घेऊन त्याची बटणं लावत-काढत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "संगे, तू कॉलेजात जातीस, कॉम्प्युटरवर बसतीस. तिकडं हिंगोलीला खेळायची काही निराळी पद्धत असंल का गं?" माझा हात परातीतच थांबला. उभ्या आयुष्यात बाबांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. आवाज कसा, तर जनावराला सुई टोचण्याआधी ते त्याच्या कानापाशी बोलत तसा. त्यांना भीती वाटत होती. तेव्हाच सांगता आलं असतं. किल्लेकोट, प्याद्याची दोन घरं, राजाची उडी नाही, सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं, आणि बाबांना समजायला अर्धा तासही लागला नसता. पण मला ती ओसरीवरची दुपार आठवली, पिशवीत भरलेले मोहरे आठवले. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाले, "न्हाई बाबा. खेळ तो खेळच. निराळं काय असायचंय?" ते म्हणाले, "व्हय, बराबर हाय." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सगळी फौज जीपमधून हिंगोलीला निघाली. इंग्रजी फॉर्म भरायला लागेल म्हणून बाबांनी मलाही बरोबर घेतलं. मंगल कार्यालयात लांबच लांब टेबलं, त्यावर काळ्या-पांढऱ्या घरांचे प्लास्टिकचे पट आणि प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ. बघणाऱ्यांना दोरीच्या बाहेर उभं केलं होतं आणि बोलायला बंदी होती. तलाठीआप्पांची तिथंच निम्मी ताकद गेली. बाबांच्या समोर वसमतची एक मुलगी आली, बँकेत नोकरीला असलेली. बाबांनी मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि मिशीत हसले. प्यादं एक घर सरकवलं. घड्याळ दाबायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, तिनंच "काका, घड्याळ" म्हणून दाखवलं. थोड्या वेळानं तिनं किल्लेकोट केला. बाबा दचकले. मग मोठ्यानं म्हणाले, "ओ बाई, काय करून राहिल्या? एका चालीत दोन मोहरे?" पंच आला, त्यानं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं की तसा नियम आहे. बाबांना वाटलं की तो गंमत करतो आहे. ते हसले. दुसरं कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबले.

पुढं त्यांचा राजा कोपऱ्यात सापडला. मला कळत होतं आता काय होणार ते. चाचांनी माझ्या शेजारी श्वास रोखला, त्यांना वाटलं आता खरी मजा. बाबांनी राजाला दोन बोटांत उचललं आणि अडीच घरं पलीकडं ठेवलं. मुलीनं हात वर केला. पंच परत आला. "राजा असा चालत नाही काका." बाबा उभे राहिले. "माझ्या राजाला अजून शह बसला न्हाई," ते म्हणाले. "मग?" पंचानं विचारलं. "मग त्याची उडी बाकी हाय की!" शेजारच्या टेबलावरचा एक जण फिस्सकन हसला. मग हसू टेबलावरून टेबलावर गेलं. पंच म्हणाला, "काका, तुम्ही कोणत्या जमान्यातलं खेळता?" चाचा दोरीवरून ओरडले, "ये तो बेइमानी है!" त्यांना बाहेर काढायची धमकी मिळाली. बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरची सूचना वाचू लागले. सहा महिने ज्या हशाची मी मनातल्या मनात चव घेत होते, तो समोर आला होता आणि मला तो ऐकवत नव्हता.

तलाठीआप्पा म्हणाले, "चल कंपौंडर, ह्या लबाडायच्या नादी काय लागतो?" बाबा गेले नाहीत. अजून चार डाव होते. ते प्रत्येक डावाला वेळेवर खुर्चीत जाऊन बसले, घड्याळ दाबलं, समोरचा काय करतो ते टक लावून बघत राहिले. राजाला पुन्हा उडी मारायला लावली नाही. चौथ्या डावात त्यांनी स्वतः किल्लेकोट केला, दोन्ही हातांनी, आधी हत्ती आणि मग राजा, चुकीच्या क्रमानं. पंचानं बघून न बघितल्यासारखं केलं. पहिल्यासकट चार डाव ते हरले. शेवटचा बरोबरीत सुटला, कारण समोरचा माणूस त्यांच्याहूनही कच्चा होता.  येताना जीप औंढ्याजवळ आल्यावर बाबा चाचांना म्हणाले, "शर्ट चांगला झाला. खांद्यात बराबर बसला."

चारपाच दिवसांनी संध्याकाळी मी आईचा ब्लाऊज आणायला दुकानात गेले. सगळे जमलेले होते, पण पट मांडलेला नव्हता. बाबा बाकड्यावर शेंगा सोलत बसले होते. तेवढ्यात बालाजी पँट आखूड करायला घेऊन आला आणि मला बघून त्याला भारी आनंद झाला. "काय कंपौंडर काका," तो म्हणाला, "हिंगोलीला जायच्या आधी आपल्या ताईला तरी इचारायचं! सहा महिने झाले, रोज दुपारी हेच खेळून राहिली माझ्याकडं. समदे नियम कागदावर छापून नेले तिनं." त्याला वाटत होतं की तो माझं कौतुक करतो आहे. चाचांची मशीन थांबली. तलाठीआप्पा माझ्याकडं वळले. "म्हंजी तुला ठाऊक व्हतं? ठाऊक असून बापाचं हसं होऊ देलं? काहून गं?" दुकानातले सगळे डोळे माझ्यावर होते.  खोटं बोलावं तर बालाजी समोर उभा, आणि खरं बोलायची माझी तयारी नव्हती.

"तिनं सांगितलं व्हतं," बाबा म्हणाले. शेंग सोलायची थांबवली नाही, वर बघितलंही नाही. "एकदा न्हाई, दोनदा सांगितलं. कागद घिऊन आली व्हती. म्याच ऐकलं न्हाई. म्हनलं, पोरीच्या जातीला काय कळतंय." दुकान हशानं भरून गेलं. हिंगोलीत लोक हसले त्यापेक्षा मोठ्यानं, कारण आता लबाडीचा आळ कुणावर घ्यायचीही गरज उरली नव्हती. "लई हट्टी हायेस तू कंपौंडर," तलाठीआप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले. चाचा म्हणाले, "घर में उस्ताद बैठी है, और ये चले हिंगोली हारने!" बाबाही हसले आणि शेंगांची टरफलं झटकून उठले. मला एक वाक्य बोलायचं होतं. वेळही होती. मी ब्लाऊज काखेत धरला आणि गप्प राहिले. घरी जाताना ते पुढं आणि मी मागं चालत होतो. त्यांनी तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

औंढ्यात अजूनही कुणी कुणाचं ऐकेना झालं की म्हणतात, कंपौंडरासारखं करू नको, पोरगी सांगत होती आणि बापानं ऐकलं नाही. मी माहेरी गेले की नवी माणसं मला ही गोष्ट कौतुकानं ऐकवतात आणि मी मान डोलावते. माणसांना तुच्छ लेखायचं मी सोडलेलं नाही, वयाच्या या टप्प्यावर ते सुटणारही नाही, पण त्या यादीत पहिलं नाव आता माझं आहे. बाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी मला चुलीपाशी बसून विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले होते.